सासूबाईंचं आजारपण

फोनवर लॉन्ड्रीची मुकादमीण हसत होती की चिडली होती, हे तिला पहिले काही क्षण कळेचना. मागे वाफेचे सुस्कारे, यंत्रांची घरघर, आणि त्या सगळ्यावर पाय रोवून उभा राहिलेला तो जाड आवाज. "बाई, एक विचारू? राग मानू नका. तुमच्याकडून येणाऱ्या बायकांच्या सासवा सगळ्या एकजात आजारी कशा हो?"

ती म्हणाली, "म्हणजे?" म्हणजे काय ते तिला कळलं होतं, पण 'म्हणजे' म्हटलं की दोन श्वास मिळतात.

"म्हणजे असं बघा. दोन वर्षांपूर्वी तुमची एक आली, तिने सासूचं आजारपण काढलेलं. गेल्या वर्षी दुसरी आली, तिनेही काढलेलं. म्हटलं असेल, सासवांचं वयच ते. आज ही तिसरी. आणि काढलं तर काढलं, पण तिघींनी शब्दाला शब्द तेच सांगावं? ही मधेच अडखळली, तर पुढचं मीच म्हणून दाखवलं तिला. 'आता त्या बऱ्या आहेत आणि मी मोकळी आहे.' बरोबर म्हटलं ना?"

"बरोबर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

"आणि बाई, हिचा फॉर्म तुम्हीच भरून दिलाय ना? त्यावर तुमच्याच सुबक अक्षरात लिहिलंय, अविवाहित."

जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी असावी, तसं तिला झालं. "मी येते," ती म्हणाली. "लगेच निघते. तिला परत पाठवू नका."

"पाठवतेय कशाला? बसवलीय बाकावर. जाणार कुठे ती? सासूकडे?"

फोन ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावर तसाच राहिला. संस्थेची ही खोली एका टायरवाल्याच्या दुकानावर होती. उन्हं वर चढली की रबराचा वास जिन्याने वर यायचा आणि रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसायचा, तोही जणू नोकरी मागायला आलाय असा. चार खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर एक आरसा, आणि आरशाखाली खिळ्याला बांधलेला कंगवा. ज्यांच्या आयुष्यातली मधलीच काही वर्षं गळून पडली आहेत अशा माणसांना पुन्हा कामाला लावायचं, हे तिचं काम. कुणाची वर्षं दारूत गेलेली, कुणाची तुरुंगात, कुणाची इस्पितळात, कुणाची नुसतीच चार भिंतींत. हात चांगले असायचे त्यांचे. अडायचं ते एकाच प्रश्नाशी. मधली वर्षं काय करत होता? हा प्रश्न आला की चांगली धडधाकट माणसं खुर्चीतल्या खुर्चीत विरघळायची. म्हणून ती टेबलाच्या त्या बाजूला बसून रोज मालक व्हायची, भुवया उंचावून रोज तोच प्रश्न विचारायची, आणि समोरच्याकडून रोज तेच उत्तर घोटून घ्यायची. "मधली काही वर्षं सासूबाईंचं आजारपण होतं, ते मी काढलं. आता त्या बऱ्या आहेत आणि मी मोकळी आहे." पुरुष असेल तर वडिलांचं. एवढंच. वर हसायचं नाही, मान खाली घालायची नाही. आणि एक शब्दही बदलायचा नाही, हा तिचा दंडक. एकदा एका रंगाऱ्याने पदरचे दोन शब्द जोडले होते. जोडता जोडता तो वडिलांच्या खाटेवरून निघाला आणि थेट गुत्त्याच्या पायरीवर जाऊन पोचला. मालक म्हणाला, बरं वाटलं ऐकून, या आता.

वाक्य मात्र खणखणीत होतं. म्हाताऱ्या माणसाचं आजारपण म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा सैल पडायचा; त्याच्याही घरात कुणी ना कुणी खोकत असायचंच. पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. कुठल्याही अंगाला बेतावा असा तो अंगरखा होता, आणि इतकी वर्षं ती तो एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवत आली होती. फक्त या वेळी चढवताना तिने समोरच्या अंगाकडे पाहिलंच नव्हतं. सुतळी. तीन महिन्यांपूर्वी आली तेव्हाच हे नाव घेऊन आली होती, आत पडलेलं, जिथे चार वर्षं आठ महिने काढले तिथलं. अंगाने सुतळीसारखीच, कुणी बांधलं तर बांधून घेणारी, सोडलं तर पडून राहणारी. सांगितलं तेवढं करायची, विचारलं तेवढं बोलायची. हे वाक्य पहिल्यांदा दिलं तेव्हा सुतळी म्हणाली होती, "सासूबाईंचं?" आणि ही म्हणाली होती, "हो हो, तेच. पुढे?" बाहेर जिन्यावर आणखी तिघे ताटकळत होते. आता या रिकाम्या खोलीत तो प्रश्न तिला नीट ऐकू आला. केवढा मोठा प्रश्न होता तो! त्याच्या आत एक अख्खी बाई उभी होती, जिला सासू नव्हती, नवरा नव्हता, आणि जिने तरीही निमूट मान डोलावून, कुणाच्या तरी सासूचं आजारपण डोक्यावर घेतलं होतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काच कडेला तडकलेली होती आणि तड्यातून वाऱ्याची एक बारीक धार तिच्या कानामागे लागत होती. सुतळीची नोकरी गेली, हे तर झालंच. पण लॉन्ड्रीचं दारही गेलं. आणि आधीच्या दोघी? त्यांनाही आज बोलावून विचारलं तर? पहिलीला आता पाळीप्रमुख करणार होते म्हणे. खोटं उघडं पडलं की ते कधी एकटं पडत नाही. लोकरीचा एक धागा ओढावा आणि बाही, खांदा, गळा, सगळं उसवत जावं, तसं ते तिच्यापर्यंत येऊन पोचणार होतं. कारण वाक्य तिचंच होतं. नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतः ते पहिल्यांदा म्हटलं होतं, याच संस्थेत, याच टेबलाच्या अलीकडे बसून. आणि सासूबाईंना, खरं सांगायचं तर, साधी सर्दी झाल्याचंही घरात कुणाला आठवत नव्हतं. आजारी होती ती स्वतःच.

आजार तरी काय म्हणायचं त्याला! ताप नव्हता, सूज नव्हती, कुठे दुखत नव्हतं. एका सकाळी कचेरीत जायला निघताना ती केस विंचरायला बसली आणि कंगवा उचलता येईना. जड झाला होता कंगवा. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग ती पुन्हा आडवी झाली, थोडा वेळ म्हणून. तो थोडा वेळ चार वर्षं चालला. भिंत होती डोळ्यांपुढे. पहिल्या वर्षी फिकट हिरवी, नंतर नवऱ्याने, तिला बरं वाटावं म्हणून, पिवळी करून घेतलेली. नवरा भला माणूस. दाराशी यायचा, चपला न वाजवता उभा राहायचा, आणि काय बोलावं ते न सुचून विचारायचा, "पंखा वाढवू का?" तेवढंच होतं त्याच्यापाशी, तेवढं तो रोज द्यायचा. सगळं केलं ते सासूबाईंनी. नखं कापली. पाठ पुसली. केस विंचरले, रोज, गुंता सोडवत सोडवत, आणि विंचरताना त्या गुणगुणायच्या. ऐकलेलं नसायचंच काही. जुळवायच्या जागच्या जागी, फोडणीला टाकावं तसं:

ऊठ गं ऊठ बाई, ऊन आलं भिंतीवरी,
तुझ्या वाटणीचं ऊन उभं ताटकळे दारी.

तिला त्याचा राग यायचा. इतका राग की दात आवळून धरायची. कसलं ऊन, कसली वाटणी! पण राग यायचा म्हणजे काहीतरी यायचं, हे तिला पुष्कळ नंतर कळलं. सासूबाईंना बहुधा तेव्हाच कळलं असावं. त्या मुद्दामच भसाड्या आवाजात गायच्या. आणि मग, उठल्यावर, हिंडूफिरू लागल्यावर, पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दुपारी ती दारात उभी होती, हातात फॉर्म, तोंडावर रक्त नाही. "विचारतील तर काय सांगू, आई?" सासूबाई शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझं नाव सांग. सासू आजारी होती म्हण. म्हाताऱ्या माणसाला आजारपण शोभून दिसतं. तुला नाही दिसणार." एवढं म्हणून त्यांनी एक शेंग फोडली. आपलं धडधाकट शरीर असं सहज, शेंगेच्या टरफलासारखं तिच्या हातात ठेवलं होतं त्यांनी. आणि तिने काय केलं त्याचं? साचा केला. छाप मारली. दिसेल त्याला वाटत सुटली. बस वळणावर कलली तशी तिने समोरचा दांडा घट्ट धरला. इतक्या वर्षांत एकदाही एकेकापुढे निवांत बसून तिने त्या माणसांचं खरं ऐकलं नव्हतं, हे आता तिच्या ध्यानात येत होतं. घाई असायची, हे एक. पण दुसरंही होतं. कुणी आपलं खरं सांगायला लागलं की तिच्या कानामागे त्या पिवळ्या भिंतीचा गारवा यायचा. वाक्य त्यांना नव्हतीच ती देत. दोघांच्या मधे उभं करत होती.

लॉन्ड्रीच्या दाराशी बाकावर सुतळी बसली होती. गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर, जशी बसायची सवय लागून गेली होती तशी. हिला बघून उभी राहिली.

"एक शब्द बदलला नाही मी, बाई," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात."

हिला हसावं की रडावं कळेना. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. बस तू इथेच."

आत वाफेने चष्मा एकदम पांढरा झाला. पुसून पाहिलं तर उंच छताची लांबच लांब जागा, इस्पितळांच्या आणि लॉजांच्या चादरींचे डोंगर, आणि टोकाला दोन प्रचंड तापलेले रूळ, ज्यांच्यामधून ओल्या चादरी आत जात होत्या आणि कोऱ्या कागदासारख्या ताठ होऊन बाहेर पडत होत्या. बाहेर पडली की दोघीजणी ती धरायच्या. मुकादमीण, आडव्या बांध्याची, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेली, एका चादरीचं टोक हातात घेऊन एकटीच उभी होती.

"आलात? आज माझी एक बाई आली नाहीये. उभ्या उभ्या बोलायला मला सवड नाही. बोलायचंय ना? मग धरा टोक."

तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि टोक धरलं. चटका बसला. मागे सरकत चादर ताणायची, एक झटका द्यायचा, लांबीत दुमडायची, पुन्हा एकदा दुमडायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकांना टोकं लावायची, आपली टोकं समोरचीच्या हातात देऊन वाकायचं आणि लोंबणारी मधली घडी उचलून पुन्हा मागे जायचं. बोलणं व्हायचं ते जवळ आल्यावरच. लांब गेलं की यंत्रं बोलत.

"मला राग कशाचा आला, सांगू?" पहिल्यांदा जवळ आल्यावर मुकादमीण म्हणाली, आणि दोघी लांब गेल्या. पुढची चादर आली. पुन्हा जवळ.

"खोटं बोलली म्हणून नाही. इथे कोण खरं बोलतं! मी स्वतः वय चार वर्षं कमी सांगून लागले." लांब. चटका, झटका, दुमड. जवळ. "पण मी काय एवढी बुद्दू आहे? पहिलीची सासू खरंच आजारी होती. अंगाला औषधी तेलाचा वास यायचा तिच्या, पहिले दोन महिने. दुसरीचं मला आठवड्यात कळलं. खरं काय ते तिनेच सांगितलं, जेवायच्या सुट्टीत."

"मग?"

"मग काय मग! घडी सरळ घाला, कोपरा सुटतोय तुमचा."

पुढच्या चादरीला तिचे हात तिच्याही आधी निघाले. मागे सरकणं, ताणणं, झटका. कुठून आलं हे? आणि मग ते कुठून आलं ते समोर येऊन उभं राहिलं. तिसऱ्या वर्षातली एक टळटळीत दुपार. सासूबाई खोलीत आल्या, धुतलेली चादर घेऊन, आणि चादरीचं एक टोक तिच्या पायांवर टाकून म्हणाल्या, "धर." ती हलली नाही. "मला एकटीला घालता येते घडी. जन्मभर घातलीय. आज नाही येत. धर टोक." किती वेळ त्या तशा उभ्या होत्या कोण जाणे. हात अवघडला असेल. गुणगुणल्या नाहीत, चिडल्या नाहीत. शेवटी तिने, केवळ त्यांनी निघून जावं म्हणून, टोक धरलं. आणि धरल्यावर कळलं की पडून धरलं तर चादर ताणली जात नाही. उठून बसावं लागलं. उभं राहावं लागलं. समोरून सासूबाई चालत जवळ आल्या, आपली टोकं तिच्या मुठीत दिली, आणि त्या क्षणी दोघींच्या मधे उन्हाचा, साबणाचा, पांढऱ्या कापडाचा एक वास होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढल्या. धड स्वच्छ असलेल्यासुद्धा.

"बाई? कुठे गेलात?"

मुकादमीण अगदी जवळ उभी होती, टोकं पुढे करून. तिच्या ओठांवर घामाचे थेंब होते. आणि हिला वाटलं, आता मागे जायच्या आत हे बोललं नाही तर पुन्हा ही चादर येणार नाही.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "आणि ते खोटं आहे. सासूबाई आजारी नव्हत्या. मी होते. चार वर्षं अंथरुणात होते, काही होत नसताना. त्यांनी माझं केलं. नोकरी मिळावी म्हणून मी ते उलटं सांगितलं, आणि मला लागू पडलं म्हणून सगळ्यांना देत गेले."

मागे रूळ फिरतच होते. एक चादर बाहेर आली आणि कुणी न धरल्यामुळे सावकाश जमिनीवर लोळली. मुकादमिणीने तिच्याकडे पाहिलं, मग चादरीकडे. "ती गेली परत धुवायला," ती म्हणाली. मग हातातली घडी पुरी करत, "बरी होती म्हणायची सासू."

"बरी आहे. अजून आहे."

"माझी होती एक. असो." तिने हातातली घडी ढिगावर थापटून ठेवली. "आणि बाहेर बसलीय तिचं खरं काय?"

वाक्य तिच्या जिभेवर आलं. हे नाही तर दुसरं, नवं, बेतलेलं, सुतळीच्या अंगाला बरोबर बसेल असं. नऊ वर्षांचा हात होता तिचा त्यात. तिने ओठ मिटले. मिटलेले ठेवायला केवढं बळ लागलं! "ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तीच सांगेल. नाही सांगितलं तर नाही."

मुकादमिणीने दाराकडे तोंड करून हाक मारली. सुतळी आली, उंबऱ्याशी थांबली. "ये की आत. धर हे."

सुतळीने टोक धरलं, आणि मग जे झालं ते नीट बघायलाही मिळालं नाही. चादर हवेत एकदा पसरली, फट्ट असा आवाज झाला, कापड मिटत गेलं, मुकादमिणीला चार पावलं टाकायला वेळ मिळतो न मिळतो तोच सुतळी तिच्यापुढे होती आणि घडी चौकोनी, कोपऱ्याला कोपरा, तिच्या तळहातावर. दुसरी चादर. तिसरी. पलीकडच्या जोडीतल्या दोघी हातातलं काम थांबवून पाहू लागल्या. मुकादमिणीने एक घडी उचलली, उलटसुलट केली, अंगठा कडेवरून फिरवला.

"सासूचं करणाऱ्या बाईच्या हातची घडी नाही ही," ती म्हणाली. "कुठे शिकलीस?"

सुतळीने हिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला माहीत होती. टेबलापलीकडून रोज यायची, पुढचा शब्द मागणारी. तिने तो दिला नाही. नुसती पाहत राहिली सुतळीकडे, आणि तिच्या लक्षात आलं की ती प्रथमच पाहते आहे: डाव्या भुवईत एक खाच, कानाची पाळी फाटून जुळलेली, ओठ हलायच्या आधी गळ्याशी होणारी ती हालचाल.

"आत," सुतळी म्हणाली. "तुरुंगात. चार वर्षं आठ महिने. रोज तीनशे चादरी."

"कशापायी?"

"टेम्पो चालवायचे मी. प्यायले होते. माणूस गेला. त्याची मुलगी होती कोर्टात. दोन वेण्या होत्या तिच्या. सासू नाही मला. कधीच नव्हती."

हिला वाटलं, संपलं. आपण गप्प राहिलो आणि सुतळीला बुडवलं. वाफ वर चढत होती आणि छताशी जाऊन थेंब होत होती.

"आता पितेस?"

"आत मिळत नव्हती. बाहेर येऊन सव्वा वर्ष झालं. मिळते. घेत नाही."

"गाडी नाही हं देणार इथे चालवायला."

"मी मागणारही नाही."

"आणि सासू असती तर केलं असतंस का तिचं?"

सुतळीने विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठी घालून. "ते सासूवर होतं," ती म्हणाली.

पलीकडच्या जोडीतली एकजण फिसकन हसली, मग दुसरी, आणि मुकादमीण हसली ती पोटातून, खांदे हलवत. हसून झाल्यावर मात्र तिने चेहरा पुसला तसा आवाजही पुसून कोरडा केला. हिच्याकडे वळून म्हणाली, "बाई, खरं सांगितलं असतंत तर मी हिला घेतलं असतं की नसतं, मला माहीत नाही. कदाचित दारातूनच वाटेला लावलं असतं. पण ते मला ठरवू द्यायचं होतंत. यापुढे पाठवाल त्यांना रिकामं पाठवा. काय असेल ते त्यांचं." आणि सुतळीला, "पाळी सुटेपर्यंत बघते तुला. वेग सगळ्यांनाच येतो. टिकतेस का, ते बघायचंय."

सुतळीला आत सोडून ती बाहेर येऊन बाकावर बसली. जावं की थांबावं कळत नव्हतं. वाटलं, थांबावं, नाही म्हणाल्या तर ती एकटी बाहेर पडेल, त्या वेळी कुणीतरी हवं. फाटकाशी एक ट्रक मळक्या चादरींची गाठोडी उतरवत होता. कानामागे काही तरी हलकं हलकं वाटत होतं, जणू तिथे इतकी वर्षं टेकलेला हात कुणी काढून घेतला. तिने घरी फोन लावला. पुष्कळ वेळाने सासूबाईंनी उचलला. मागे नळ वाहत होता.

"आई, मी आज सांगून टाकलं."

"काय गं?"

"की आजारी मी होते. तुम्ही नाही."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. "कुणाला?"

"लॉन्ड्रीतल्या मुकादमबाईंना."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, घडी सरळ घाला."

सासूबाई हसल्या. त्यांचं हसणं वयाने बारीक झालं होतं, पण टोक तसंच धारदार. "बरं केलंस बाई. नऊ वर्षं झोपवून ठेवलं होतंस मला त्या वाक्यात. पाठ लागली माझी अंथरुणाला. किती जणांच्या घरी आजारी पडले असेन गं मी?"

"मोजलं नाही हो."

"शंभरेक तरी! एवढं करूनही मेले नाही म्हणजे कमालच." मग आवाज जरा खाली आणून, जसा त्या क्वचित आणत, "तुला काही वाटलं का? सांगताना?"

तिने आठवून पाहिलं. वाटायला हवं होतं खूप काही. भिंत, कंगवा, दाराशी उभा नवरा. "हात भाजला थोडा," ती म्हणाली. "चादर गरम होती."

"मग घरी ये आणि लोणी लाव," सासूबाई म्हणाल्या आणि नळ पुन्हा सुरू झाला.

उन्हं फाटकावरून कलली, ट्रक रिकामा होऊन गेला, दुसरा आला. तिला मधे कधीतरी डुलकी लागली असावी, बसल्या बसल्या, दिवसाढवळ्या, आणि ती झोप साधी होती, जिच्यातून हाक मारली की उठता येतं अशी. हाक आली. दार अर्धवट उघडून सुतळी बाहेर डोकावली होती. तिच्या डोक्याला लॉन्ड्रीतल्या बायका बांधतात तसा पांढरा रुमाल होता, कपाळावर जरा तिरका, कुणी तरी दुसऱ्याने बांधून दिलेला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चेहरा वाफेने तांबडा लाल.

ती झटकन उभी राहिली. "काय झालं? काय म्हणाल्या?"

"उद्या सातला ये म्हणाल्या. रोज." सुतळीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "तुम्ही अजून इथेच बसलायत?"

"तुझ्यासाठीच थांबले. चल, सोबत जाऊ बसने. मला सांग सगळं. नीट, पहिल्यापासून. मला ऐकायचंय."

"आत्ता?" सुतळीने मान मागे वळवून आत पाहिलं. आतून कुणीतरी ओरडलं, अगं ए, आटप की, हात भाजतोय माझा! "आत्ता नाही जमायचं, बाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात कुणाचीच परवानगी मागितलेली नव्हती. "अजून पाऊण गाडी उरलीय. तुम्ही जा घरी. ती तिकडे एकटीच टोक धरून उभी आहे."

आणि दार लोटून ती आत गेली.